महिला हॉकी : मॉस्को ते फलटण



१९८० च्या जुलै महिन्याच्या अखेरीस मॉस्को शहरात ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने महिला हॉकीची एक स्पर्धा भरली होती. तीत भाग घेतलेल्या देशांची नावे वाचली, तर आजच्या क्रीडाप्रेमी माणसास थोडे आश्चर्यच वाटेल. झिंबाब्वे, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ, भारत, ऑस्ट्रिया आणि पोलंड असे अवघे सहा संघ या स्पर्धेत उतरले होते. यांपैकी दोन देश तर आज जगाच्या नकाशावर त्या नावाने उरलेलेही नाहीत. तरीही या लहानशा स्पर्धेचे महत्त्व मोठे आहे. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथम खेळली गेली ती १९०८ साली, लंडन येथे. स्त्रियांना त्याच मैदानावर पाऊल ठेवण्यासाठी त्यानंतर ७२ वर्षे वाट पाहावी लागली. ती प्रतीक्षा मॉस्कोत संपली.

स्पर्धा सहा संघांची का झाली, हेही समजून घेतले पाहिजे. १९७९ च्या डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार पुकारला आणि पश्चिम जर्मनीसह अनेक देशांनी त्याला साथ दिली. १९७८ साली माद्रिद येथे विश्वचषक जिंकणारा नेदरलँडचा महिला संघही मॉस्कोस आला नाही. महिला हॉकीतील बलाढ्य संघ अशा रीतीने बाहेर राहिल्यावर रिकाम्या जागा भरण्यासाठी नव्या संघांना निमंत्रणे धाडण्यात आली. त्यांतील एक निमंत्रण आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशाला मिळाले.

झिंबाब्वे १८ एप्रिल १९८० रोजी स्वतंत्र झाला होता. निमंत्रण आले तेव्हा या नवजात राष्ट्राचे वय पुरते तीन महिन्यांचेही नव्हते आणि स्पर्धेला जेमतेम पाच आठवडे उरले होते. संघाची निवड तर प्रस्थानाच्या आदल्या शनिवार-रविवारी झाली. त्या देशात कृत्रिम हिरवळीचे मैदान नव्हते. खेळाडूंना साध्या गवतावर खेळण्याचा सराव होता. ऑलिंपिक हॉकीने मात्र १९७६ च्या माँट्रियल सामन्यांपासून कृत्रिम हिरवळ स्वीकारली होती. तिच्यावर चेंडूचा वेग वेगळा, उसळी वेगळी आणि पावलांवर पडणारा ताणही वेगळा. कर्णधार ॲन ग्रांट आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे सारे मॉस्कोत पोहोचल्यावरच आत्मसात केले.

स्पर्धा साखळी पद्धतीची होती. प्रत्येक संघाने इतर पाचही संघांशी खेळावयाचे, विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण, असा नियम होता. झिंबाब्वेने पोलंडला ४–० असे हरविले, चेकोस्लोव्हाकियाशी २–२ अशी बरोबरी साधली आणि यजमान सोव्हिएत संघावर २–० असा विजय मिळविला. भारताबरोबरचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला. अखेरच्या सामन्यात ऑस्ट्रियाचा ४–१ असा पराभव करून या संघाने सुवर्णपदक पटकाविले. पाच सामन्यांत एकही पराभव नव्हता. चेकोस्लोव्हाकियाला रौप्यपदक आणि सोव्हिएत संघाला कांस्यपदक मिळाले.

भारताचा क्रमांक चौथा लागला. भारतीय मुलींनी ऑस्ट्रियाला २–० आणि पोलंडला ४–० असे पराभूत केले होते. चेकोस्लोव्हाकियाकडून त्या १–२ असा, म्हणजे एकाच गोलाच्या फरकाने हरल्या. विजेत्या झिंबाब्वेला त्यांनी बरोबरीत रोखले. सोव्हिएत संघाविरुद्ध मात्र १–३ असा पराभव पत्करावा लागला. हिशेब मांडला तर असे दिसते की, भारताचे गुण ५ आणि सोव्हिएत संघाचे ६ झाले. हा एक सामना बरोबरीत सुटला असता, तरी भारताचे ६ आणि सोव्हिएत संघाचे ५ गुण होऊन कांस्यपदक भारताकडे आले असते. पदक आणि रिकामे हात यांच्यामध्ये एवढेच अंतर होते.

त्याच मॉस्कोत, त्याच आठवड्यात भारतीय पुरुष संघाने स्पेनला ४–३ असे हरवून आठवे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. देशभर त्या विजयाचा आनंद साजरा झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या जल्लोषात चौथ्या आलेल्या मुलींची फारशी कोणी वास्तपुस्त केली नाही. पदक हुकलेल्या खेळाडूच्या वाट्याला बहुधा हेच येते. तिचे श्रम तेवढेच असतात. नोंद मात्र तळटीपेत होते.

हा चौथा क्रमांक भारतीय महिला हॉकीला पुन्हा पुन्हा भेटत आला आहे. १९७४ साली फ्रान्समधील मांदेल्यू येथे महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हाही भारत चौथा होता. मॉस्कोनंतर ऑलिंपिकमध्ये पुन्हा खेळण्यास २०१६ साल उजाडावे लागले. पुढे टोकियो येथे, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, राणी रामपालच्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १–० असे नमविले. कांस्यपदकाच्या सामन्यात ०–२ अशी पिछाडी भरून काढून ३–२ अशी आघाडीही घेतली. पण ग्रेट ब्रिटनने अखेर तो सामना ४–३ असा जिंकला. क्रमांक पुन्हा चौथा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी तर संघ पात्रच ठरू शकला नाही.

या मधल्या काळात यश मिळालेच नाही, असे मात्र नाही. आशियाई क्रीडास्पर्धांत महिला हॉकीचा प्रथम समावेश झाला तो १९८२ साली दिल्ली येथे, आणि ते पहिलेच सुवर्णपदक भारताने जिंकले. त्या संघाची कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन ही होती. मॉस्कोच्या संघातही ती खेळली होती. पदक हुकल्यानंतर दोन वर्षांत त्याच पिढीने ते मिळवून दाखविले, ही गोष्ट महाराष्ट्राला अभिमानास्पद आहे. २००२ साली मँचेस्टर येथील राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरवून मिळविलेले सुवर्णपदकही याच परंपरेतील होय.

आता प्रश्न असा की, मॉस्कोच्या स्पर्धेपासून शिकावे काय? पाच आठवड्यांच्या तयारीवर झिंबाब्वेने सुवर्ण जिंकले, यावरून कोणी पूर्वतयारीचे महत्त्व कमी लेखू लागला, तर तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. संघ घाईने निवडला गेला हे खरे. परंतु त्यातील खेळाडू शाळा आणि क्लब यांमधून वर्षानुवर्षे खेळत आल्या होत्या. निमंत्रण अचानक आले. खेळ अचानक आला नव्हता.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. तो संपूर्ण संघ गोऱ्या खेळाडूंचा होता. ज्या देशात बहुसंख्य प्रजा कृष्णवर्णीय, तेथील शाळा आणि मैदाने दीर्घकाळ वर्णभेदाने विभागलेली असल्यामुळे बहुसंख्य मुलींच्या हाती हॉकीची काठी आलीच नव्हती. परिणाम असा झाला की, विजेत्या खेळाडू निवृत्त झाल्यावर त्यांची जागा घेण्यास पुरेशा मुली मागे उभ्या नव्हत्या. झिंबाब्वेचा महिला हॉकी संघ त्यानंतर ऑलिंपिकमध्ये पुन्हा दिसला नाही. त्या देशाला पुढचे ऑलिंपिक पदक मिळण्यास २००४ साल उजाडले, आणि तेही जलतरणात. पाया अरुंद असला की कळस फार काळ उभा राहत नाही, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

भारतात हा पाया कोठे आहे, हे टोकियोच्या संघाकडे पाहिले असता कळते. राणी रामपाल हरियाणातील शाहाबादची; तिचे वडील गाडी ओढून संसार चालवीत. सलीमा टेटे झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातील एका खेड्यातली. तिने बालपणी बांबूच्या काठीने खेळावयास सुरुवात केली. निक्की प्रधान त्याच राज्यातील खुंटी जिल्ह्यातील हेसल गावची. या मुली मोठ्या शहरांतील सोयींमधून आल्या नाहीत. कोठे एखाद्या प्रशिक्षकाने पहाटे मैदान उघडले, कोठे गावाने मुलींच्या खेळण्याला नावे ठेवण्याचे सोडले, आणि कोठे रेल्वेसारख्या संस्थेने नोकरी देऊन पुढची चिंता मिटविली.

महाराष्ट्रातही हे घडू लागले आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका एरवी दुष्काळ आणि ऊस या दोन टोकांच्या गोष्टींमुळे चर्चेत असतो. त्याच तालुक्यातील खेड्यांतून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय संघांपर्यंत पोहोचल्या. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत भारताने जपानला २–१ असे हरवून कांस्यपदक मिळविले; त्या संघात वैष्णवी फाळके होती.

हॉकीच्या पूर्ण मैदानाची लांबी सुमारे ९१ मीटर आणि रुंदी ५५ मीटर असते. एवढी सपाट जागा प्रत्येक गावात मिळेलच असे नाही; पण तिच्या निम्म्या जागेतही चेंडू अडविणे, ढकलणे आणि हेरून पुढे देणे शिकविता येते. कृत्रिम हिरवळ जिल्ह्याच्या ठिकाणी येईल तेव्हा येईल. तोवर शाळेमागील गायरानातले दगड वेचून जमीन एकसारखी करणे, सरावाची वेळ दिवस मावळण्यापूर्वी संपेल अशी ठेवणे, परगावी सामन्याला जाणाऱ्या मुलींसोबत शिक्षिका देणे आणि एस.टी. भाड्याची तरतूद आधी करून ठेवणे, या गोष्टी ग्रामपंचायत आणि शाळा यांच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. मुलगी खेळ सोडते ती बहुधा हरल्यामुळे नव्हे. सातवी-आठवीत घरची कामे वाढतात, मैदान दूर असते, आणि संध्याकाळी परत येण्याची सोय नसते म्हणून सोडते. याची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात होत नाही.

मॉस्कोत एका बरोबरीने कांस्यपदक हुकले. ती बरोबरी साधणारी एखादी बारावी, तेरावी खेळाडू त्या वेळी देशातील कोणत्या तरी खेड्यात असेलही. तिच्या हाती काठी पडली नाही, म्हणून ती कोणाला दिसली नाही. आज तशी मुलगी ज्या गावात असेल, त्या गावच्या शिक्षकांनी आणि पंचांनी तिच्यासाठी संध्याकाळचा एक तास आणि सपाट जमिनीचा एक तुकडा राखून ठेवावा. चौथ्या क्रमांकाकडून तिसऱ्याकडे जाण्याची वाट त्या तुकड्यावरूनच जाते.