अकराशें पन्नासांत एक

धाराशिव जिल्ह्यांतील भूम हें तालुक्याचें गांव. खव्याच्या भट्ट्यांसाठीं त्याचें नांव दूरवर पोंचलेलें आहे. श्रोतेहो, अशा गांवीं एखाद्या घरांत डाऊन्स सिंड्रोमचें मूल जन्मास आलें, कीं शेजारीं म्हणावें, "असें मूल लाखांत एखादें." बोलणाराचा हेतु सांत्वनाचा असतो, पण त्यामुळें त्या आईस वाटतें, कीं जगांत हा प्रसंग आपल्या एकटीवरच आला.

गणित तसें सांगत नाहीं. मुंबई, दिल्ली व बडोदें या तीन शहरांतील रुग्णालयांत ९४ हजारांहून अधिक नवजात बालकें पाहून केलेला एक अभ्यास १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. दर ११५० जन्मांमागें सुमारें एक बालक या स्थितीचें आढळलें. प्रमाण शहरांतील असलें, तरी ही स्थिति शहराच्या हवेनें किंवा राहणीनें उत्पन्न होत नाहीं. ज्या गांवीं वर्षास ४०० मुलें जन्मतात, तेथें याच हिशेबानें सुमारें तीन वर्षांनीं एक, म्हणजे वीस वर्षांत सहा-सात मुलें यावयास हवींत.

मग तीं दिसत कां नाहींत? २०११ च्या जनगणनेंत मतिमंदत्वाचा एकच रकाना होता; डाऊन्स सिंड्रोमचा निराळा नव्हता. निश्चित निदानासाठीं रक्तांतील गुणसूत्रें तपासावीं लागतात, व तें काम मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेंत होतें. शिवाय जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयांत जन्मतः दोष असतो. उपचार न मिळाल्यास त्यांतील कित्येक लहानपणींच दगावतात. जीं वांचतात, त्यांतील कांहींस पाहुणे आले म्हणजे माजघरांत नेलें जातें. जन्मांची संख्या आणि रस्त्यावर दिसणारांची संख्या यांतील अंतर तें हेंच.

दोष आईच्या माथीं मारण्याची चाल मात्र सर्वत्र आहे. ग्रहणांत तिनें भाजी चिरली, कुणाचें ऐकलें नाहीं, वगैरे. १९५९ मध्यें फ्रान्समधील जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजीं ४७ गुणसूत्रें असतात. एकविसावें एक अधिक. ही चुकीची वांटणी बहुधा स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार होतांना, म्हणजे गर्भ राहण्यापूर्वींच, झालेली असते. गरोदरपणींच्या ग्रहणाला तेथें शिरावयास जागाच उरत नाहीं!

आईच्या वयाचा संबंध मात्र खरा आहे. विसाव्या वर्षीं हा संभव सुमारें १५०० त एक, पस्तिसाव्या वर्षीं ३५० त एक, चाळिसाव्या वर्षीं १०० त एक. तथापि आपल्याकडे बहुतेक बाळंतपणें तरुण वयांतच होत असल्यानें अशीं मुलें अधिक करून तरुण आयांच्याच पोटीं येतात. पंचविशीतील सुनेस "तुलाच कसें झालें?" असें विचारणें म्हणूनच निरर्थक होय.

मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या अशाच कन्येसाठीं १९४४ मध्यें शाळा काढली. जय वकील शाळा या नांवानें ती शिवडीस आजही चालू आहे. दूरच्या गांवच्या आईबापांनीं प्रथम करावयाचें तें एवढेंच : बाळ चांगलें दूध पीत असलें, तरी त्याचें हृदय पहिल्या कांहीं आठवड्यांतच तपासून घ्यावें, मागाहून कान, डोळे व थायरॉईड.