तार कुणाच्या दारात थांबते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ब्रॉडबँडवर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून मागच्या रांगेतले काही दोस्त हसले. त्यांचं म्हणणं, जमीन, पाणी, मजुरी, अत्याचार हे आपले प्रश्न. इंटरनेट ही पांढरपेशांची चैन. मी म्हणतो, असं समजाल तर फसाल. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. रेशनला अंगठा मशीनवर लावायचा. सातबारा, जातीचा दाखला, नोकरीचा फॉर्म, परीक्षेचं हॉलतिकीट सगळं तारेवर गेलं. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा ज्याच्या घरात नेट त्याचीच शाळा चालू राहिली. पूर्वी आपल्याला शाळेच्या बाहेर बसवत होते. या वेळी बाहेर बसवायलाही कुणी लागलं नाही.

म्हणून प्रश्न साधा आहे. ही तार कुणाच्या पैशानं येते, कुणाच्या नफ्याला लागते आणि कुणाच्या दारात येऊन थांबते?

आपल्याला रोज सांगतात की ही क्रांती बाजारानं केली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, एक जीबीचा भाव अडीचशे रुपयांच्या आसपास होता तो पुढं दहा रुपयांच्या आसपास आला, गरिबाच्या हातात इंटरनेट पडलं. भाव पडला हे खरं. पण बाजार आभाळातून पडत नाही. बाजाराच्या खाली कुणीतरी आधी जमीन खणलेली असते.

आता हे खणणं समजून घ्या. तारेच्या धंद्यात सगळ्यात महाग काय? काचेची तार नव्हे. चर खणणं, रस्ता फोडणं, परवानगी काढणं, नदी-नाले-डोंगर ओलांडणं हे महाग. एकदा तार पडली की एका गिऱ्हाइकामागं दुसरं जोडायला खर्च थोडाच. म्हणून भांडवलदार आधी हिशेब मांडतो : एका किलोमीटरच्या चरामागं किती घरं आणि किती खिसे? मुंबई-पुण्यात हिशेब जमतो. अक्कलकुव्याच्या पाड्यावर जमत नाही. तिथं सरकारनं खणलं तर कंपनी मागून येते. नाही खणलं तर येतच नाही. सरकारी गुंतवणूक बाजार कसा घडवते, याचं उत्तर एवढंच आहे. सरकार जिथवर खणतं तिथवर बाजार सरकतो.

इतिहास बघा. १९८४ साली सरकारनं सी-डॉट ही संस्था काढली. तिनं एसीशिवाय, खेड्यातल्या धुळीत आणि उन्हात चालणारं छोटं एक्स्चेंज बनवलं. १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला पहिलं बसलं. त्यानंतर गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहिले, हजारो लोकांची पोटं त्यावर भरली. पैसा सरकारी, धंदा लोकांचा. मग १९९४ चं टेलिफोन धोरण आलं. खाजगी कंपन्यांना दार उघडलं आणि १९९७ पर्यंत प्रत्येक गावात टेलिफोन देण्याचा वायदा केला. परवाना घेताना कंपन्यांनी गावच्या टेलिफोनची अट कबूल केली, आणि परवाना खिशात पडल्यावर गाव विसरल्या. गावात जो काही फोन पोचला तो मुख्यतः सरकारी खात्यानंच पोचवला.

मग २००२ पासून एक निधी सुरू झाला. कंपन्यांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के खेड्यापाड्यांसाठी भरायचे. नाव कंपनीचं, पैसा आपल्या रिचार्जचा. बांधावर बसून रिचार्ज मारणारी शेतमजूर बाईसुद्धा त्यात भर घालते. हा पैसा वर्षानुवर्षे पुरता खर्चच झाला नाही, दिल्लीत पडून राहिला. २०२३ च्या कायद्यानं त्याचं नाव बदललं, आता तो डिजिटल भारत निधी. बारसं झालं, पण बाळाला दूध कोण पाजणार?

याच निधीतून २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना मंजूर झाली. अंदाज सुमारे वीस हजार कोटींचा, मुदत दोन वर्षांची. पुढं तिचं नाव भारतनेट पडलं. पहिल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची नवी मंजुरी झाली. आजवर दोन लाखांहून जास्त पंचायतींपर्यंत तार गेली, हे मी नाकारत नाही. पण ती गेली कुठं? पंचायतीच्या कचेरीत. कचेरी कुठं? गावठाणात, देवळाशेजारी, चावडीजवळ. आणि आपण कुठं? ओढ्याच्या पलीकडं.

एका गावात मी स्वतः पाहिलं. पेटी पंचायतीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली एकाच्या घरी, पेटीवरचा दिवा विझलेला. कागदावर ते गाव जोडलेलं. सरकारचा हिशेब पुरा झाला, गुत्तेदाराचं बिल निघालं. बौद्धवाड्यातली पोरं मात्र एक रेघ सिग्नल मिळावा म्हणून टेकडीवर बसलेली.

शेवटचे पाचशे मीटर बाजारावर सोडले की असं होतं. देशात २०२४ साली इंटरनेटचे ग्राहक ९५ कोटींच्या आसपास होते, पण तारेनं घरात ब्रॉडबँड आलेली जोडणी चार कोटींच्या आसपासच. बाकीचे सगळे मोबाइलच्या दोन जीबीवर जगतात. तोच बाजार आज तीन खाजगी कंपन्यांच्या आणि एका सरकारी कंपनीच्या हातात उरलाय. २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकामागोमाग एक भाव वाढवले. स्वस्ताईची सवय लावायची, मग दोरी आवळायची. सावकाराची रीत याहून वेगळी होती काय?

दुसरी गोष्ट नोकरीची. सरकारी टेलिफोनमध्ये राखीव जागा होत्या. लाइनमन, ऑपरेटर, क्लार्क, इंजिनियर म्हणून आपली माणसं लागली, त्यांची पोरं शिकली. २०१० साली याच बीएसएनएलकडून थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी सुमारे साडेअठरा हजार कोटी सरकारनं काढून घेतले. खाजगीवाले फोर-जी विकत होते तेव्हा तिला फोर-जीच्या लहरी दिल्या नाहीत, त्या देण्याचा निर्णय २०१९ साली झाला. देशी बनावटीचं फोर-जी जाळं देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं ते २०२५ च्या सप्टेंबरात. मधल्या काळात, २०२० च्या जानेवारीअखेर, बीएसएनएल आणि एमटीएनएलचे मिळून ९२ हजारांहून जास्त लोक स्वेच्छानिवृत्ती नावाच्या दारातून बाहेर गेले. आधी उपाशी ठेवायचं आणि मग म्हणायचं, हा दुबळा आहे! खाजगी कंपनीत राखीव जागा नाही. तिथं आपल्याला मिळतं ते गुत्तेदाराच्या हाताखाली चर खणणं.

आणि हे काही नवं नाही. गावचा निरोप कोण पोचवायचा? मयताचा सांगावा घेऊन दहा कोस उन्हातान्हात कोण पळायचा? सरकारी टपाल एका गावाहून दुसऱ्या गावाला कुणाच्या पायांनी जायचं? महाराच्या. मोबदला शिळी भाकर आणि वतनाचा तुकडा. ही वतनी गुलामी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ साली. निरोप आमच्या पायांनी चालला, पण त्याची मालकी आमच्याकडं कधी आली नाही. आज तार आमच्या कुदळीनं जमिनीत जाते, मालकी तिथंच आहे.

हे असंच चालावं असा काही नियम नाही. केरळ सरकारनं २०१९ साली इंटरनेट हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ च्या जूनमध्ये के-फोन हे स्वतःच्या मालकीचं जाळं सुरू केलं. वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी द्यायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यात घेतली फक्त चौदा हजार. म्हणजे तिथंही लोकांचा रेटा हवाच. पण तार घरापर्यंत नेणं हे सरकारचं काम आहे एवढं तरी तिथं मान्य झालं.

बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना विजेचा प्रश्न त्यांच्याकडं होता. वीज मालकीची कुणाच्या, सरकारच्या की खाजगी, आणि ती गरिबाला स्वस्त नि भरपूर मिळेल कशी, हा प्रश्न त्यांनी १९४३ सालीच मांडला होता. १९४७ साली 'राज्य आणि अल्पसंख्याक' लिहिताना त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. आज तार ही वीजच आहे. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

मग करायचं काय? नव्या योजनेत दोन गोष्टी आहेत, त्या नीट वाचा. एक, पंचायतीपलीकडच्या गावांना मागणी केली तर तार मिळायची आहे. तर मागणी करा. गावसभेत उठा, ठराव लिहून घ्या, त्यात वस्तीचं नाव घाला, समाजमंदिर आणि वसतिगृह घाला. ठराव लिहीत नसतील तर तहसीलवर चला. दोन, घरोघर जोडणी द्यायचं काम गावातल्या 'उद्यमी'ला द्यायचंय, उत्पन्न निम्मं निम्मं. हा उद्यमी कोण होणार? ज्याच्याकडं भांडवल तो, म्हणजे पुन्हा पाटलाचा पोरगा. आपल्या आयटीआय झालेल्या पोरांना आणि पोरींना ही कामं राखून द्या, भांडवल महामंडळानं द्यावं, असं आपण म्हटलं पाहिजे. आणि चर खणणाऱ्याला किमान वेतन मिळतं का, याची वही प्रत्येक तालुक्यात आपल्या कार्यकर्त्यानं ठेवली पाहिजे.

दोस्तांनो, पैसा आपल्या रिचार्जचा, कुदळ आपल्या हातातली. मग तार वेशीपाशी का थांबावी? पाणी मागायला आपण चवदार तळ्यावर गेलो होतो. या वेळी पंचायतीच्या कुलूपबंद कपाटासमोर उभं राहायचंय.

जयभीम!