नाव झाकून बोलणे



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. गोड करून घ्यावे.

पूर्वी मुलीची सोयरीक जुळली की कुठून तरी निनावी पत्र येई. आता मोबाईलवर मजकूर येतो. नाव खोटे, फोटो फुलाचा नाहीतर देवाचा! आमच्या गल्लीतल्या एका लेकीची सोयरीक अशाच चार ओळींनी मोडली. तिने जाब विचारावा तरी कोणाला?

नाव झाकणे मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. त्यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने शतपत्रे लिहिली. लिहिले कडकच, पण आपल्याच समाजाच्या रूढींवर. कोणाच्या लेकीबाळींवर नव्हे. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत साऱ्या बायकांची निंदा चालली, तेव्हा १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली, ती स्वतःच्या नावानिशी. भाषा काही मऊ नाही हो! पण ज्याला उलट बोलायचे त्याला बाई कोण, हे ठाऊक होते.

असा मजकूर आला तर पुढे पाठवू नये. लिहिणारा नाव झाकतो. पुढे पाठवणाऱ्या आपणच असतो, नावासकट. मुलाकडच्यांनी आधी मुलीच्या आईला विचारावे. धमकी असेल तर मजकूर पुसू नये, ठाण्यात दाखवावा. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये दोन वर्षांपर्यंत जादा कैद आहे.