शाकारलेलं घर
(उत्सवातील भाषण)



आपला फोर्ट विल्यम २०२४ च्या अखेरीस ‘विजयदुर्ग’ झाला. कोकणातल्या किल्ल्याचं नाव हुगळीकाठी ऐकून आपल्याला आनंद झालाच. पण आज मला बोलायचं आहे ते किल्ल्याविषयी नव्हे, एका गवती छपराच्या घराविषयी.

हावड्याहून गाडीनं बोलपूरला उतरलं की शांतिनिकेतन जवळच. तिथं ‘देहली’ या घराशेजारी ‘नूतन बाडी’, म्हणजे नवं घर आहे. रवींद्रनाथांनी ते १९०२ मध्ये कुटुंबासाठी बांधलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी गेल्या. पुढं गांधीजींच्या आफ्रिकेतल्या फीनिक्स आश्रमातली मुलं या घरात राहिली. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी स्वतः गांधीजी शांतिनिकेतनात आले. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर त्यांना भेटले ते इथंच. तीन दिवसांत गोखल्यांच्या निधनाची बातमी आली आणि गांधीजी पुण्याला निघाले. ते परतल्यावर, १० मार्चला, मुलांनी आणि शिक्षकांनी स्वयंपाक, झाडलोट सारं स्वतः सुरू केलं. तो दिवस तिथं ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळतात.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोनं शांतिनिकेतनला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दोनच दिवसांनी गणेश चतुर्थी होती.

दर्जा मिळाला म्हणजे वास्तू वाचली, असं आपल्याला वाटतं. पण दगडी तट दुर्लक्ष सोसतो, गवत सोसत नाही. ते पावसानं कुजतं, त्याला वाळवी लागते. आपल्याकडं कोकणात पावसाळ्यापूर्वी घरं शाकारत, तसं हेही छप्पर ठरावीक काळानं नव्यानं घालावं लागतं. हे काम करणाऱ्याला बंगालीत ‘घरामी’ म्हणतात. गावोगाव पक्की घरं होत आहेत, व्हायलाच हवीत. पण घरामीचे हात थांबले, तर नुसता कागदावरचा दर्जा छप्पर शाकारणार नाही. पत्रे घातले तर भिंती राहतील, नूतन बाडी राहणार नाही.

आपण दरवर्षी मूर्तीचं विसर्जन करतो, दरवर्षी नवी आणतो. तरीही उत्सव जुनाच म्हणतो, कारण तो हातांनी चालत आला आहे. आपली मुलं मात्र हल्ली तयार मांडवात आरतीपुरती येतात. पुढच्या वर्षी त्यांना बांबू बांधू द्या, पताका लावू द्या. गाठी सैल पडल्या तरी चालेल. आणि थंडीत एकदा त्यांना नूतन बाडी दाखवून आणू या.

गणपती बाप्पा मोरया!