पदरात बांधलेली पेन्सिल



आमच्या तालुक्याच्या गावी सोमवारी बाजार भरतो आणि त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका सोमवारी एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सून पंचविशीतली, दोन लेकरांची आई. ती गप्प बसून होती, बोलत होत्या त्या सासूबाईच. "डॉक्टरीणबाई, हिला बघा जरा. सारखी दमले दमले करते. पोरांवर खेकसते. सांगितलेलं काम ध्यानात राहत नाही. माझं म्हणणं, हिचा स्वभावच तसा आहे, पण पोरगा म्हणाला दाखवून आण."

मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग गुलाबी असायला हवा, तो फिका पडला होता. जीभ गुळगुळीत झालेली, नखं चपटी आणि ठिसूळ. मी सासूबाईंना पाणी प्यायला बाहेर पाठवलं आणि तिला हळूच विचारलं, "पेन्सिल खावीशी वाटते का गं?"

ती दचकली. मग मान खाली घालून तिनं पदराची गाठ सोडली. आत पाटीवरच्या पेन्सिलीचे चार तुकडे होते. मुलाच्या नावावर दुकानातून डबा आणायचा आणि स्वयंपाक करता करता एकेक तुकडा तोंडात टाकायचा, असं दीड वर्ष चाललं होतं. ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. आपल्याला वेड लागायला लागलंय, असं तिला वाटत होतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.2 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान 12 असावं लागतं.

पेन्सिल, माती, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ असं काहीबाही खावंसं वाटणं, हे शरीरातलं लोह आटल्याचं एक जुनं आणि ओळखीचं लक्षण आहे. लोह भरून निघालं की ही ओढ बहुतेकींची आपोआप जाते. त्यात वेड नाही आणि लाज वाटण्यासारखंही काही नाही.

आता तिच्या चिडण्याकडे आणि विसरण्याकडे वळते, कारण आजच्या बोलण्याचा मुद्दा तोच आहे. रक्तातला प्राणवायू लोहाच्या आधारानं वाहून नेला जातो, हे आपण शाळेत शिकलो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. शिवाय उत्साह, लक्ष आणि कामाची गोडी ज्यावर अवलंबून असते ते डोपामिन नावाचं द्रव्य मेंदूत तयार व्हायलाही लोह लागतं. म्हणून लोह कमी पडलं की पाय जड होतात, तसं मनही जड होतं. बारीकसारीक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येतं, मुलाला उगाच धपाटा बसतो, गॅसवर ठेवलेलं दूध विसरतं. हिमोग्लोबिन फार उतरण्याआधीच, नुसता लोहाचा साठा संपत आला तरी, हा थकवा सुरू होऊ शकतो. आपण मात्र त्याला आळस म्हणतो किंवा स्वभाव म्हणतो.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशभराचा आकडा 57 टक्के. त्याच वयाच्या पुरुषांत तो देशात 25 टक्के आहे. बाईला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला 19, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं ठरवून दिलं आहे. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, म्हणून तिची गरज जास्त. आणि आपल्या घरांत जिची गरज जास्त, तिच्या ताटात सगळ्यांत कमी पडतं.

त्या सुनेला मी विचारलं, काल काय काय खाल्लंस ते सांग. सकाळी चहा आणि दोन खारी. मग दुपारी अडीचपर्यंत काही नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर दीड भाकरी, पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा आणि लगेच चहा. रात्री भात आणि आमटीचं वरचं पाणी. घरात त्या दिवशी मेथीची भाजी झाली होती. पण ती संपली होती, असं तिनं सांगितलं, आणि सांगताना तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझी आईसुद्धा अशीच शेवटी बसायची. कढईला लागलेली भाजी ती भाकरीच्या तुकड्यानं पुसून खायची आणि आम्हा भावंडांना वाटायचं, आईला तेच आवडतं. आज ते आठवलं की घास अडकतो.

ताटाचा आणि रक्ताचा हा संबंध दाखवणारी, मुंबईशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1928 साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन दगावत होत्या आणि कारण कळत नव्हतं. विल्सबाई परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. आधी त्यांनी जंतू शोधले. ते सापडेनात, तेव्हा त्यांनी बायकांच्या ताटाकडे पाहिलं. ज्यांच्या जेवणात भाजीपाला आणि फळं नावालाच होती, त्यांच्यातच हा आजार जास्त होता. मग तसाच आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिला. एका माकडाला मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळपट अर्क, चाटवला आणि ते सुधारलं. बायकांना दिला, त्याही सुधारल्या. 1931 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता, हे पुढे दहा वर्षांनी उलगडलं. 1941 साली अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला गेला आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, पण या गोळीतलं फॉलिक ॲसिड त्यांच्या दुखण्यातून जगाला मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ताटातल्या उणिवेची दुसरी गोष्ट पुण्याकडची. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत तिथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात बहुसंख्य बायकांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी आढळलं. ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली, तेव्हा ज्यांच्या आयांचं गरोदरपणातलं बी-12 फार कमी होतं, ती मुलं लक्ष देण्यात आणि आकडे ध्यानात ठेवण्यात थोडी मागे पडलेली दिसली. बी-12 दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. शाकाहारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाला मुंग्या येत असतील, विसर पडत असेल, मन उदास असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. एकदा बी-12 तपासून घ्या. वेळेत इंजेक्शन किंवा गोळ्या मिळाल्या तर यातलं बरंचसं भरून येतं.

स्वयंपाकघराबद्दलही थोडं सांगते. जेवणावर लगेच चहा घेतला की भाजी-भाकरीतलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. पानात लिंबाची फोड घ्या किंवा आवळा घ्या, त्यानं तेच लोह जास्त शोषलं जातं. मटकी-मुगाला मोड आणण्याची आपली पद्धत फार शहाणपणाची आहे, ती सोडू नका. बाजरी, हळीव, माठ, राजगिऱ्याचा पाला, आणि खात असाल तर कलेजी, हे सगळं चांगलं. लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढतं, ही मात्र निव्वळ समजूत आहे. बिटात लोह फारसं नसतं.

पण रक्त सातवर उतरलं असेल तर नुसत्या खाण्यानं ते चढत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात आणि हिमोग्लोबिन वाढल्यावरही साठा भरेपर्यंत त्या चालू ठेवाव्या लागतात. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरून कितीतरी बायका चार दिवसांत गोळ्या फेकून देतात. ते काळं होणं साधं आहे. पोट दुखलं, मळमळलं तर डॉक्टरांना सांगा, वेळ बदलता येते. शेतात अनवाणी चालल्यानं अंकुशकृमी पोटात जातात आणि आतून रक्त पितात, त्याचंही औषध वेगळं घ्यावं लागतं. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या श्रोत्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणीही करून घ्यावी. प्रत्येक उदासी रक्तामुळे येते, असंही मी म्हणत नाही. रक्त भरूनही मन उठत नसेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं.

त्या सोमवारी मी सासूबाईंनाही आत बोलावलं आणि त्यांचंही बोट टोचलं. त्यांचं हिमोग्लोबिन 8.6 होतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला बी असंच व्हायचं हिच्या वयात. मी पण लई चिडायची." त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघींच्या गोळ्या एकाच पिशवीत घातल्या.

तीन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. सुनेचं हिमोग्लोबिन 11.1 झालं होतं, पेन्सिल सुटली होती. आता सासू-सुना एकत्र जेवायला बसतात, असं सासूबाईंनी मला आपणहून सांगितलं.

श्रोतेहो, तुमच्या घरात शेवटी जेवणारी जी कुणी असेल, आई, बायको, सून किंवा बहीण, तिला या आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. बोट टोचून थेंबभर रक्त घेतात आणि हिमोग्लोबिनचा आकडा सांगतात. त्याला पैसे पडत नाहीत. आणि आज रात्री भाजी वाढायला घ्याल, तेव्हा तिची वाटी आधी भरा.