अकरा पैशांचे सलाईन

(मंडळाच्या गणेशोत्सवात कलकत्ता येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर काहीतरी बोला, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली तेव्हा मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी असे तीन-चार विषय सुचवण्यात आले होते. मी जुलाब हा विषय निवडला. ऐन उत्सवात, मोदकांच्या वासात हा विषय शोभत नाही, असे एका वहिनींनी मला सौम्य शब्दांत सुचवूनही पाहिले. त्यांची क्षमा मागून बोलतो. आपण ज्या शहरात नोकरी-धंद्यानिमित्त येऊन स्थिरावलो, त्या शहराने जगाला जी काही देणी दिली, त्यांत या विषयाचा वाटा फार मोठा आहे. रवींद्रनाथ, सत्यजित राय, रसगुल्ला हे आपण पाहुण्यांना उत्साहाने सांगतो. ओआरएसचे नाव मात्र त्या यादीत कोणी घेत नाही.

आपल्या आजी-पणजीच्या पिढीला पटकी हा शब्द चांगला ठाऊक होता. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. इथे बंगालात त्याच रोगासाठी हिंदू ओलाइचंडीला आणि मुसलमान ओलाबिबीला नवस बोलत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जातो, तो नेमका कशाने जातो हे कळत नसल्यावर माणसाने दुसरे काय करावे?

ते कळण्याच्या वाटेवरचे बरेचसे टप्पे याच शहरातले आहेत. १८८३ सालच्या अखेरीस रॉबर्ट कॉख इथे आले आणि पटकीचे जंतू त्यांनी रुग्णांप्रमाणेच इथल्या तळ्याच्या, म्हणजे पुकुराच्या पाण्यातही दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी इथेच शिरेतून मिठाचे पाणी देऊन मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आणले. आणि १९५९ साली शंभुनाथ दे या बंगाली डॉक्टरांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केले, की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि त्या विषामुळे आतडे शरीरातले पाणी बाहेर ओतू लागते. जंतू रक्तात शिरत नाही, आतडे कुरतडत नाही. रोगी मरतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. रोग फार तीव्र असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाते. दे यांना हयातीत आपल्या देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत. १९८५ साली ते गेले.

आता एक साधा प्रश्न. पाणी गेले म्हणून रोगी मरतो, तर त्याला पाणी पाजून का भागत नाही? लोकांनी पाजून पाहिले होते. नुसते पाणी पाजले तर आतडे ते घेत नाही. नुसते मिठाचे पाणीही घेत नाही. पण मिठाबरोबर ठरावीक प्रमाणात ग्लुकोज असले, तर आतड्यातला एक दरवाजा उघडतो. ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्या दोघांच्या मागे पाणी जाते. पटकीच्या विषाने आतड्याची बाकी कितीही दैना केली तरी हा दरवाजा शाबूत राहतो. साखर जास्त झाली तर मात्र उलटाच प्रकार होतो. ती शरीरातले पाणी आतड्यात खेचून घेते आणि जुलाब वाढतात. एवढे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ सालीच कलकत्त्यात १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्यांचे रुग्ण सौम्य आजाराचे होते आणि पाणी किती गेले, किती दिले याची काटेकोर मोजदाद नव्हती. ही मोजदाद पुढे १९६८ साली डाक्क्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोघा तरुण अमेरिकन डॉक्टरांनी केली. कलकत्त्यातही तसेच काम चालू होते. परंतु हे सारे रुग्णालयातले, शिकलेल्या हातांनी केलेले प्रयोग. खेड्यातल्या अडाणी आईच्या हातात हे द्यायचे म्हटले, तर मोठमोठे डॉक्टर मान हलवत.

मग आले १९७१ साल. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येऊ लागले. जेसोर रोडवर इथून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास बनगाव आहे, तिथे लाखो माणसे छावण्यांत येऊन पडली. पावसाळा सुरू झाला आणि पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा जॉन्स हॉपकिन्सच्या कलकत्त्यातील संशोधन केंद्रात काम करीत होते. ते जूनमध्ये बनगावच्या रुग्णालयात पोचले तेव्हा पटकीच्या दोन खोल्या भरून माणसे जमिनीवर पडली होती. रोग्याला सलाईन लावायचे तर विष्ठा आणि वांतीत गुडघे टेकून बसावे लागे. सलाईनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या आणि शीर शोधून सुई लावू शकणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी.

महालनबीस यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. बाटल्या येईपर्यंत वाट पाहायची, किंवा जे अजून डॉक्टर-नर्सच्या नजरेखालीच करून पाहिले होते ते नातेवाइकांच्या हाती द्यायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात केंद्राच्या वाचनालयाच्या खोलीत ही पूड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायची, पिशवीचे तोंड गरम इस्त्रीने बंद करायचे आणि गाडीने बनगावला पाठवायची. तिथे ड्रममध्ये पाणी भरून त्यात ती मिसळत. आई, बाप, भाऊ, शेजारी, जो कोणी बरोबर असेल त्याने पेल्याने भरून रोग्याला पाजत राहायचे. खर्च लिटरला ११ पैसे.

आठ-दहा आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. त्याआधी त्याच छावण्यांतून आलेल्या रुग्णांत शंभरातले तीसेक दगावत होते. ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. हा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९७८ साली ‘लॅन्सेट’ने आपल्या अग्रलेखात या उपचाराला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. पाच कोटींहून अधिक जीव यामुळे वाचले असा अंदाज आहे. महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी याच शहरात वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. जिवंतपणी दिले असते तर सरकारचे काय बिघडले असते, कोण जाणे.

या कथेतला एक बारीक तपशील मला फार बोलका वाटतो. लोकांना हे पाणी देताना महालनबीस यांच्या माणसांनी त्याला ‘ओरल सलाईन’, तोंडाने घ्यायचे सलाईन, असे नाव दिले. कारण सलाईनवर लोकांचा विश्वास होता. सुई नाही, बाटली नाही, नुसते पाणी देऊन बोळवण करतात, असे वाटले असते तर कोणी पाजले नसते.

बंधुभगिनींनो, माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. संशोधन झाले, सिद्ध झाले, स्वस्तात स्वस्त झाले, आणि तरी ते घरात पोचत नाही. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सुमारे १ कोटी २० लाख घरांत बायका पाठवल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे आईकडून करवून घ्यायचे. शिकवणाऱ्या बाईचा पगार, आईच्या किती लक्षात राहिले यावर ठरे. एवढे करूनही सुरुवातीला आया हे मिश्रण करीत नव्हत्या. चौकशी केली तेव्हा कळले, की शिकवणाऱ्या बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. या दोन्ही गोष्टी सुधारल्यावर गाडी रुळावर आली.

आपल्या देशाचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या बालकांपैकी ओआरएस मिळालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये २६ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ते ६१ टक्क्यांच्या जवळ आले. सुधारणा खरी, पण शंभरातली चाळीस मुले तेव्हाही राहिलीच. जगात आजही पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दर वर्षी जुलाबाने जातात.

का राहतात? डॉक्टरांना माहीत नाही म्हणावे, तर ते विचारले की बरोबर सांगतात. दुकानात मिळत नसेल? की महागडी औषधे विकण्यात फायदा म्हणून? यावर कर्नाटक आणि बिहारमधील २५३ शहरांत एक मोठा अभ्यास झाला, तो २०२४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पालकाचे सोंग घेतलेली शिकवून तयार केलेली माणसे दोन हजारांवर डॉक्टर आणि औषध दुकानदारांकडे पाठवण्यात आली. दोन वर्षांचे मूल आहे, जुलाब होताहेत, औषध द्या. काहींनी आपणहून ओआरएसची पसंती दाखवली, काहींनी प्रतिजैविकाची म्हणजे अँटिबायोटिकची, काही गप्प राहिले. काहींनी औषध इथून घेणार नाही असे आधीच सांगितले, म्हणजे फायद्याचा प्रश्न मिटला. काही ठिकाणी ओआरएसचा साठा आगाऊ पुरवून ठेवला.

निष्कर्ष काय निघाला? साठा नसणे आणि पैशाचा लोभ यांचा वाटा प्रत्येकी पाच-सहा टक्के. सर्वांत मोठा, ४२ टक्के वाटा होता तो डॉक्टरांच्या एका समजुतीचा: या पालकांना ओआरएस नकोच आहे. पालकाने नुसती पसंती दाखवली तर ओआरएस लिहून देण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले!

म्हणजे आम्ही डॉक्टर समजतो, तुम्हाला इंजेक्शन हवे. तुम्ही समजता, डॉक्टरांनी लिहिले नाही म्हणजे ओआरएसची गरज नाही. आणि मूल मधल्या मधे सुकते. आम्हा डॉक्टरांची बाजू घ्यायची तर एवढेच म्हणेन, की ‘नुसती पूड लिहून शंभर रुपये घेतले’ हे वाक्य दवाखान्याच्या पायरीवर ऐकू येते. पण ही काही फार भक्कम बाजू नव्हे. साध्या पाण्यासारख्या जुलाबात प्रतिजैविकाचा बहुधा उपयोग नसतो, हे शिकूनच आम्ही पदवी घेतलेली असते.

आणखी एक अडचण आहे, ती समजून घ्या. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत. आई दोन वाट्या पाजते, मूल पुन्हा घाण करते, आजी म्हणते, ‘बघ, पाजलेस म्हणून झाले.’ जुलाब आपल्या वेळेने थांबतात, तोवर शरीरातले पाणी टिकवणे हे याचे काम. जुलाबाचे दिवस कमी करते ते जस्त, म्हणजे झिंक. त्यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास दिल्लीतल्या मुलांवर झाला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान असल्यास १०, असे दहा ते चौदा दिवस देतात. जुलाब थांबले तरी ते पुरे करायचे.

आता व्यवहाराचे. पाकीट घेताना ते एक लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे हे वाचा आणि अख्खे पाकीट तेवढ्याच पाण्यात एका वेळी घाला. पेलाभर पाण्यात अंदाजाने चमचाभर पूड टाकणे अगदी चूक. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धी ते एक लहान वाटी, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला त्याच्या दुप्पट. मोठ्या माणसाने तहान भागेपर्यंत प्यावे. वांती झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. पेज, मऊ भात, वरण, केळे, सगळे चालते. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, पिता येईना, शौचातून रक्त पडले, तर घरी वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतून सलाईन लागेल, आणि लागलेच पाहिजे.

खोक्यातल्या गोड पेयांबद्दल दोन शब्द. मघाशी साखर जास्त झाली तर काय होते ते सांगितले. ओआरएस असे नाव छापलेली फळांची पेये अनेक वर्षे औषधांच्या दुकानात विकली जात. त्यांत साखर प्रमाणाच्या कितीतरी पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठ वर्षे लढा दिला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरी दुकानदार काय हातात देतो ते पाहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार, असे पाकिटावर लिहिलेले असावे.

अशी काही पाकिटे मी येताना घेऊन आलो आहे. दाराजवळच्या टेबलावर, पादत्राणांच्या स्टँडच्या उजव्या हाताला ठेवली आहेत. घरटी दोन न्यावीत. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर ओआरएस लिहिले नाही तर त्यांना विचारा, ‘डॉक्टर, ओआरएस देऊ ना?’ ते रागावणार नाहीत.