आमचूर आहे, पण कशावरून?

सातपुड्यात हे आमचुराचे दिवस. मोलगीच्या पाड्यांवर कैऱ्या सोलून, चिरून उन्हात घातल्या असतील. याच उन्हाळ्यात काही हौशी माणसं तिकडे हिमालयात तिबेटी शिकायला बसतात. महिना-दोन महिने सकाळ-संध्याकाळ तेवढंच. धरमशालेच्या तिबेटी ग्रंथालयातही ही भाषा शिकवतात. ते १९७० साली स्थापन झालं.

आपण थंडीत नाशिकच्या तिबेटियन मार्केटमध्ये स्वेटर घेतो, घासाघीस मात्र हिंदीत करतो. मराठी माणसाने तिबेटी भाषा मनावर घेतली ती ग्रंथांपायी. मूळ संस्कृत हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषांतरांतच उरले. फर्ग्युसन कॉलेजातले प्रा. वा. वि. गोखले त्यांच्या अभ्यासात मुरलेले होते.

लिपीला भिऊ नका. अक्षरं तीस, क्रम आपलाच: क, ख, ग, ङ. घ-झ-भ नाहीत. खरी फजिती शुद्धलेखनात. 'आठ' लिहायचं ब-र-ग-य-द, आणि म्हणायचं नुसतं 'ग्ये'! ऱ्हस्व-दीर्घावरून कुरकुरणाऱ्यांनी हे एकदा पाहावं. व्याकरण तसं ओळखीचं निघतं. क्रियापद शेवटी. 'तिने कैरी चिरली' यातल्या 'ने'सारखा प्रत्ययही आहे.

घोडं अडतं ते साध्या 'आहे'पाशी. 'आमचूर आहे' म्हणायचंय? माझ्या स्वतःच्या डब्यात असेल तर 'यो'. मोलगीच्या बाजारात डोळ्यांनी पाहिला असेल तर 'दुक्'. मोलगीला आमचूर असतो हे सर्वांना ठाऊक आहे, एवढ्याच भरवशावर बोलत असाल तर 'यो-रे'. म्हणजे तोंड उघडण्याआधी ठरवायचं, हे मला कळलं कसं? आपल्याकडे ऐकीव गोष्टीला 'म्हणे' जोडायची सोय आहे, पण ती मर्जीची. नाही जोडलं तर कुणी हटकत नाही. तिबेटीत निवड करावीच लागते. शिकणारा पहिले काही आठवडे न पाहिलेल्या गावांना खुशाल 'दुक्' लावतो. समोरचा तिबेटी माणूस लगेच विचारतो, "तुम्ही जाऊन आलात वाटतं?"

मघाशी मी कैऱ्या उन्हात घातल्या 'असतील' म्हटलं, ते बरंच झालं. मी इथे स्टुडिओत, पंख्याखाली बसलोय.